लाल औषधाचा अंगरखा

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)



कॅन्सरच्या रुग्णालयात एक विभाग असा असतो, की जिथे माणसे सकाळी येतात, खुर्चीत टेकून केमोथेरपीची बाटली लावून घेतात आणि दिवेलागणीच्या सुमारास घरी जातात. काही वर्षांपूर्वी माझ्या मावशीच्या सोबतीला मी अशा विभागात बसत असे. तिथल्या बहुतेक बाटल्यांतले औषध पाण्यासारखे स्वच्छ दिसते. एक औषध मात्र लालभडक. ते देण्याआधी सिस्टर बजावून सांगत, ‘उद्यापर्यंत लघवीला लाल होईल, घाबरू नका, ते रक्त नाही.’ रुग्ण त्याला नुसते ‘लाल औषध’ म्हणत आणि त्याचा दिवस आला की गप्प गप्प होत.

मावशीला छातीचा कॅन्सर होता आणि तो पसरला होता. तिला हे लाल औषध हवे होते; पण तिचे हृदय आधीच थोडे अशक्त. तेव्हा डॉक्टरांनी त्याच औषधाचा दुसरा प्रकार सुचवला. किंमत साध्या औषधाच्या कितीतरी पट. काका, म्हणजे मावशीचे यजमान, एसटीतून हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी तो खर्चाचा कागद माझ्यापुढे धरला. ‘तू कॉलेजात केमिस्ट्री शिकवतोस. सांग बघू, औषध तेच, रंग तोच. मग हे नॅनो म्हणजे नेमकं काय आणि एवढे पैसे कशाचे?’

मी काहीतरी उत्तर दिले. अतिसूक्ष्म कण, थेट गाठीवर मारा, वगैरे वगैरे. सगळे कुठेतरी वाचलेले. काकांनी मान डोलावली आणि पैसे भरले. पुढे मी या विषयातले जुने शोधनिबंध मिळवून वाचत गेलो, तेव्हा लक्षात आले की मी त्यांना सांगितले ते जेमतेम निम्मे खरे होते. आजचे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर समजा.

या लाल औषधाचे नाव डॉक्सोरुबिसिन. ते मातीतून आले. इटलीचा नकाशा बुटासारखा दिसतो हे आपण शाळेत शिकलो. त्या बुटाच्या टाचेकडचा प्रांत म्हणजे अपुलिया. तिथे तेराव्या शतकात सम्राट दुसरा फ्रेडरिक याने बांधलेला कास्तेल देल मोंते नावाचा एक अष्टकोनी किल्ला आहे. पेनिसिलिन, स्ट्रेप्टोमायसिन यांच्या यशानंतर जगभरच्या औषध कंपन्या ठिकठिकाणची माती तपासत होत्या, तीत एखादा कामाचा सूक्ष्मजीव मिळतो का ते पाहत होत्या. मिलानच्या फार्मितालिया कंपनीला या किल्ल्याच्या परिसरातल्या मातीत एक जिवाणू सापडला. तो माणकासारखे लाल द्रव्य तयार करत होता आणि ते द्रव्य उंदरांतल्या गाठींवर चालत होते. त्याच सुमारास फ्रेंच संशोधकांनाही तेच द्रव्य मिळाले. मग नावात दोघांचा वाटा ठेवला गेला. अपुलियात प्राचीन काळी राहणाऱ्या दौनी जमातीचे ‘दौनो’ आणि माणकाला फ्रेंच शब्द ‘रुबी’ यांतून दौनोरुबिसिन झाले. पुढे त्याच जिवाणूत बदल घडवून १९६९ मध्ये त्याचा धाकटा भाऊ मिळाला, तो डॉक्सोरुबिसिन. जवळच्या एड्रियाटिक समुद्रावरून त्याला एड्रियामायसिन असेही नाव पडले. जुन्या डॉक्टरांच्या तोंडी आजही तेच नाव येते.

याच किनाऱ्यावर, किल्ल्यापासून फार दूर नाही, बारी नावाचे बंदर आहे. कॅन्सरच्या इतिहासात ते वेगळ्याच कारणाने येते. दुसऱ्या महायुद्धात, २ डिसेंबर १९४३ च्या रात्री जर्मन विमानांनी या बंदरावर बॉम्ब टाकले. तिथे उभ्या असलेल्या जॉन हार्वी या अमेरिकन जहाजात मस्टर्ड वायूचे सुमारे दोन हजार बॉम्ब गुपचूप साठवलेले होते. ते फुटले, विष पाण्यातल्या तेलात मिसळले आणि पोहत किनारा गाठणारे खलाशी त्यात भिजले. तपासाला आलेल्या स्टुअर्ट अलेक्झांडर या लष्करी डॉक्टरने नोंद केली, की या रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा होतात. त्याआधीच १९४२ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन या दोघांनी त्याच जातीचे विष लसिकाग्रंथींच्या कॅन्सरच्या एका रुग्णाला देऊन पाहिले होते. गाठी विरघळल्या, पुन्हा आल्या. युद्ध चालू असल्याने हे सगळे गुप्त राहिले. १९४६ मध्ये छापून आले. केमोथेरपीचा जन्म असा विषाच्या पोटी झाला, आणि तिची अडचणही तिथेच आहे. विषाला गाठ कोणती आणि धडधाकट अवयव कोणता हे कळत नाही.

डॉक्सोरुबिसिन वेगाने वाढणाऱ्या पेशींच्या डीएनएत शिरून त्यांचे विभाजन थांबवते. म्हणून गाठ आटते, केसही गळतात. केस परत येतात. हृदयाच्या स्नायूला झालेली इजा मात्र भरून येईलच असे नसते. शिवाय ती साठत जाते. १९७९ मध्ये जुन्या रुग्णांच्या नोंदी एकत्र करून अमेरिकन डॉक्टरांनी दाखवून दिले, की शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे साधारण ५५० मिलिग्रॅमच्या पुढे गेले की हृदय निकामी होण्याचा धोका झपाट्याने वाढतो. हा हिशेब एका महिन्याचा नव्हे, जन्मभराचा. एकदा खाते भरले की औषध गुणकारी ठरत असले तरी डॉक्टरांना हात आखडता घ्यावा लागतो. कॅन्सरमधून वाचलेले लोक काही वर्षांनी हृदयविकाराने जात, असे डॉक्टरांनी पाहिले होते.

पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ‘जादूची गोळी’ ही कल्पना मांडली होती. रोगावर नेमकी जाऊन लागेल आणि बाकी शरीराला धक्का लावणार नाही अशी गोळी. पुढे सगळे जण त्या गोळीच्याच शोधात राहिले. गोळी बदलण्याऐवजी तिच्यावरचे आवरण बदलावे, हे सुचायला बराच काळ गेला. आणि तेही कॅन्सरशी काही संबंध नसलेल्या एका माणसाच्या प्रयोगातून.

इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ बाब्रहॅम येथे प्राण्यांच्या शरीरक्रियेचा अभ्यास करणारी संस्था होती. तिथे ॲलेक बॅंगहॅम नावाचे डॉक्टर रक्त गोठते कसे याचा अभ्यास करत. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी संस्थेत नवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला. बॅंगहॅम आणि त्यांचे सहकारी हॉर्न यांनी त्याखाली लेसिथिन ठेवले. लेसिथिन म्हणजे अंड्याच्या पिवळ्या बलकात असते ते स्निग्ध द्रव्य. पाण्यात टाकलेल्या लेसिथिनचे त्यांना जे चित्र दिसले, ते कापलेल्या कांद्यासारखे होते. एकात एक पापुद्रे, मध्ये पाणी. या स्निग्ध रेणूंचे डोके पाण्याशी मैत्री करते आणि शेपूट पाण्याला घाबरते. त्यामुळे पाण्यात पडल्याबरोबर ते शेपटाला शेपूट लावून दुहेरी भिंत बांधतात आणि ती भिंत आपोआप मिटून पोकळ गोळा होतो. आपल्या प्रत्येक पेशीचे आवरण याच तत्त्वावर बांधलेले आहे. बॅंगहॅम यांना पेशीच्या भिंतीची नक्कल मिळाली याचाच आनंद होता. १९६४ मध्ये त्यांचा निबंध छापला गेला. मित्रमंडळी या गोळ्यांना गमतीने ‘बॅंगोसोम’ म्हणत. ‘लायपोसोम’ हे रुळलेले नाव जेराल्ड वाइसमन यांनी १९६८ मध्ये दिले.

पोकळ गोळा दिसला की त्यात काहीतरी भरावे असे कुणाला तरी वाटणारच. लंडनमध्ये ग्रेगरी ग्रेगोरियाडिस यांनी १९७० नंतर लायपोसोममध्ये विकरे आणि औषधे भरून ती जनावरांना टोचून पाहिली. वाटले तितके ते सोपे निघाले नाही. शरीरात शिरलेली परकी धूळ उचलून टाकण्यासाठी यकृतात आणि प्लीहेत खास भक्षक पेशी बसलेल्या असतात. त्या हे गोळे काही मिनिटांत गिळून टाकत.

या अडचणीवर सर्वांत चिकाटीने काम झाले ते जेरुसलेमला. येहेझकेल बारेनहोल्झ हे जीवरसायनशास्त्रज्ञ आणि आल्बर्टो गॅबिझॉन हे कॅन्सरचे डॉक्टर, अशी ही जोडी. १९८० च्या दशकात त्यांनी डॉक्सोरुबिसिन लायपोसोमच्या भिंतीत मुरवून रुग्णांना दिले. तो प्रयोग फसला. औषध भिंतीतून रक्तात लगेच पाझरले आणि उरलेले गोळे यकृताने ओढून घेतले. मला या इतिहासातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारण त्यांनी अपयश झाकले नाही. नेमके कुठे बिनसले ते मोजले, आणि त्या मोजमापातून पुढच्या औषधासाठी तीन अटी काढल्या. औषध आत भरपूर मावले पाहिजे. ते वाटेत गळता कामा नये. आणि गोळा यकृताच्या नजरेतून सुटला पाहिजे.

पहिल्या दोन अटींसाठी बारेनहोल्झ यांनी जी युक्ती काढली ती उंदराच्या पिंजऱ्यासारखी आहे. आधी गोळ्याच्या पोटात अमोनियम सल्फेट या क्षाराचे पाणी भरायचे. बाहेर डॉक्सोरुबिसिन ठेवायचे. बाहेरचे औषध भिंतीतून सहज आत शिरते, पण आत त्याची सल्फेटशी गाठ पडते आणि ते घट्ट होऊन स्फटिकासारखे बसते. मग बाहेर पडता येत नाही. अशा एकेका गोळ्यात दहा ते पंधरा हजार रेणू मावतात.

तिसऱ्या अटीसाठी लागला तो अंगरखा. पॉलिएथिलिन ग्लायकॉल, थोडक्यात पेग, हा साधासुधा पदार्थ. मलमात असतो, पोट साफ होण्याच्या औषधातही असतो. अमेरिकेत फ्रँक डेव्हिस यांनी १९७० च्या दशकात प्रथिनांना पेगचे धागे जोडून ती रक्तात जास्त काळ टिकतात हे दाखवले होते. १९९० च्या सुमारास निरनिराळ्या गटांनी तेच लायपोसोमवर केले. पेगचे धागे पाणी धरून ठेवतात. गोळ्याभोवती पाण्याची झूल तयार होते आणि भक्षक पेशींना आत काय आहे ते चटकन ओळखता येत नाही. कॅलिफोर्नियातल्या लायपोसोम टेक्नॉलॉजी या छोट्या कंपनीने जेरुसलेमच्या जोडीबरोबर हे काम पुढे नेले. तिच्या संस्थापकांपैकी डेमेट्रिओस पापाहाजोपुलोस हे तरुणपणी बाब्रहॅमला बॅंगहॅम यांच्याच हाताखाली होते. काही मिनिटांत संपणारा गोळ्याचा प्रवास आता दोन-तीन दिवस चालू लागला.

पण दोन-तीन दिवस रक्तात फिरून तो गाठीतच का उतरावा? याचे उत्तर जपानमधून आले. कुमामोतो विद्यापीठात मात्सुमुरा आणि माएदा यांनी उंदरांच्या रक्तात एक निळा रंग सोडला. तो रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून फिरतो. गाठ निळी झाली आणि निळीच राहिली. १९८६ मध्ये त्यांनी याचा अर्थ असा लावला, की घाईघाईने वाढणाऱ्या गाठीतल्या रक्तवाहिन्या घिसाडघाईने बांधलेल्या घरासारख्या असतात. भिंतींना फटी राहतात, आणि सांडपाण्याची सोय, म्हणजे लसिकावाहिन्या, धड नसते. मोठे कण फटीतून आत पडतात आणि तिथेच साचतात.

इथे आकाराला महत्त्व येते. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर एक भाग म्हणजे नॅनोमीटर. आपला केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. हा लायपोसोम शंभरच्या आतबाहेर. हृदयाच्या स्नायूतल्या केशवाहिन्यांची वीण घट्ट असते, तीतून शंभर नॅनोमीटरचा गोळा सहसा जात नाही. सुटे डॉक्सोरुबिसिन मात्र कुठूनही पाझरते. आकारच इथे पहारेकरी होतो.

जेरुसलेमच्या रुग्णांवरील निरीक्षणे १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. कॅन्सरमुळे छातीत किंवा पोटात साचलेल्या पाण्यात साध्या औषधापेक्षा चौपट ते सोळापट औषध सापडले. नोव्हेंबर १९९५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ‘डॉक्सिल’ या नावाने ते मान्य केले. प्रथम एड्सच्या रुग्णांत होणाऱ्या कापोसी सार्कोमासाठी, १९९९ मध्ये बीजाशयाच्या कॅन्सरसाठी. गंमत अशी, की तेव्हा ‘नॅनो औषध’ असे त्याला फारसे कुणी म्हणत नव्हते. तो शब्द चलनात आला आणि मग मागे वळून पाहताना कळले, की पहिले नॅनो औषध तर आधीच बाजारात आहे.

आता काकांच्या प्रश्नाकडे येतो. पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या ५०९ स्त्रियांची एक चाचणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना साधे लाल औषध, निम्म्यांना अंगरखा घातलेले. रोग आटोक्यात राहिला तो नव्या औषधाने सरासरी ६.९ महिने, जुन्याने ७.८ महिने. एकूण आयुष्य नव्याने २१ महिने, जुन्याने २२. संख्याशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. म्हणजे अंगरख्याने गाठीवरचा मारा वाढला नाही. पण हृदयाला इजा होण्याचा धोका जवळजवळ एक तृतीयांशावर आला. साध्या औषधाने ६६ टक्के स्त्रियांचे केस गळले, नव्याने २० टक्के. फुकट मात्र काहीच मिळत नाही. रक्तात दीर्घकाळ फिरणारे गोळे तळहात आणि तळपायांच्या कातडीत उतरतात. ती लाल होते, सोलवटते, दुखते. हा त्रास नव्या औषधाने ४८ टक्के स्त्रियांना झाला, जुन्याने २ टक्क्यांना. मावशीचे तळहात मेंदी चढावी तसे लाल झाले होते. काका रुमालात बर्फ गुंडाळून तिच्या हातात देत आणि शेजारी बसून पेपर वाचून दाखवत.

मावशी गेल्यानंतर एकदा मी काकांना हे आकडे सांगितले. हिशेबनीसच ते, कागद मागून घेऊन त्यांनी दोनदा वाचला. म्हणाले, ‘म्हणजे दिवस वाढले नाहीत. तिला धाप लागली नाही, जिना चढत होती शेवटपर्यंत, ते यामुळे?’ मी म्हटले, बहुधा यामुळेच. ‘मग तसं सांगायचं होतंस. पैसे तरीही भरलेच असते. उगाच गाठीकडे बघत बसलो.’

दुसरी हकीकत आपल्या महाराष्ट्राशी जोडलेली आहे. डॉ. मनसुख वाणी यांचे नाव आपल्याकडे जितके माहीत असायला हवे तितके नाही. नंदुरबारला १९२५ मध्ये जन्म, मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्राचे शिक्षण, मग अमेरिका. उत्तर कॅरोलिनात मनरो वॉल यांच्याबरोबर त्यांनी वनस्पतींतून कॅन्सरविरोधी द्रव्ये शोधली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या जंगलातून १९६२ मध्ये गोळा केलेल्या यू नावाच्या झाडाच्या सालीत त्यांना टॅक्सॉल मिळाले. त्याची रचना सांगणारा १९७१ चा निबंध वाणी यांच्या नावाने सुरू होतो. हे औषध प्रत्यक्ष रुग्णांसाठी मान्य व्हायला १९९२ उजाडले. २०२० मध्ये वाणी गेले, तेव्हा ते ९५ वर्षांचे होते.

टॅक्सॉलची खोड अशी, की ते पाण्यात विरघळत नाही. मग ते विरघळवायला रासायनिक प्रक्रिया केलेले एरंडेल वापरत. हो, आपले एरंडेलच. रुग्णांना खरा त्रास कित्येकदा औषधाचा नव्हे, या एरंडेलाचा होई. अंगावर पित्त उठे, श्वास कोंडे, रक्तदाब घसरे. त्यावर उपाय म्हणून आधी स्टेरॉइड द्यायचे आणि मग तासन्‌तास हळूहळू बाटली चालवायची. अल्ब्युमिनला टॅक्सॉल बांधून १३० नॅनोमीटरचे कण केले आणि एरंडेलाची गरजच संपली. ‘ॲब्रॅक्सेन’ या नावाने हे २००५ मध्ये मान्य झाले. आधीच्या तुलनात्मक चाचणीत गाठ लक्षणीय आटलेल्या स्त्रिया ३३ टक्के होत्या, एरंडेलवाल्या गटात १९ टक्के. इथे आवरणाने माराही वाढवला, काही अंशी औषध जास्त मात्रेत देता आले म्हणून. वॉल आणि वाणी यांचा दुसरा शोध कॅम्प्टोथेसिन. तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या झाडातही असते, आणि त्यापायी त्या झाडाची चोरटी तोड होत आली आहे. त्यापासून बनवलेल्या औषधाला लायपोसोमचा अंगरखा चढवून २०१५ मध्ये स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली. चाचणीत आयुष्य ४.२ महिन्यांवरून ६.१ महिन्यांवर गेले. वाढ दोन महिन्यांची. ज्याच्या घरी हा कॅन्सर आला आहे त्याला विचारा दोन महिने म्हणजे काय, आणि ज्याला ते बिल भरायचे आहे त्यालाही विचारा.

याच काळात दुसरीकडे नॅनो या शब्दाला पंख फुटले होते. रिचर्ड फाइनमन या भौतिकशास्त्रज्ञाने २९ डिसेंबर १९५९ च्या भाषणात, गिळता येईल असा छोटा शल्यविशारद ही मित्राची कल्पना हसत हसत सांगितली होती. चाळीस वर्षांनी ती गंभीरपणे घेतली गेली. २००३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेच्या प्रमुखांनी, कॅन्सरमुळे होणारे हाल आणि मृत्यू २०१५ पर्यंत संपवण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. पुढच्याच वर्षी नॅनो संशोधनासाठी पाच वर्षांची सुमारे १४ कोटी ४० लाख डॉलरची योजना आली. कणांवर नुसता अंगरखा नको, पत्ताही लिहू, असा विचार पुढे आला. म्हणजे कणाच्या पृष्ठभागावर असा रेणू जोडायचा, की जो फक्त कॅन्सरपेशीवरच्या खुणेला जाऊन चिकटेल. उंदरांत निकाल छान येत होते. वर्तमानपत्रांतून मथळे येत होते. मी स्वतः वर्गात उत्साहाने सांगत होतो.

२०१६ मध्ये दोन गोष्टी घडल्या. पत्ता लिहिलेल्या कणांवर उभी राहिलेली बाइंड थेरप्युटिक्स ही नावाजलेली अमेरिकन कंपनी दिवाळखोरीत गेली. आणि टोरांटो विद्यापीठातल्या वॉरेन चॅन यांच्या गटाने आधीच्या दहा वर्षांतले निबंध एकत्र करून हिशेब मांडला, की टोचलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोहोचतात किती. मध्यम उत्तर आले ०.७ टक्के. हजारांतले सात! तेही उंदरांसारख्या प्रयोगाच्या प्राण्यांत, जिथे गाठ दोन-तीन आठवड्यांत फुगते आणि तिच्या वाहिन्या भरपूर गळक्या असतात. माणसाची गाठ वर्षानुवर्षे वाढते, तिच्या फटी एका रुग्णात असतात, दुसऱ्यात नसतात. एकाच रुग्णाच्या दोन गाठींतही फरक पडतो. २०२० मध्ये याच गटाने आणखी पुढे जाऊन असे दाखवले, की कण फटीतून नुसते पडतात हे चित्रच अपुरे आहे; बहुतांश कण वाहिनीच्या पेशी स्वतः उचलून आत नेतात. कुमामोतोचा निळा रंग खोटा नव्हता. त्याच्यावर उभारलेला अर्थ मात्र घाईचा होता. आणि पत्त्याचे म्हणाल, तर पाकीट गावातच पोहोचत नसेल तर घरनंबर अचूक लिहून काय उपयोग?

सगळेच विरले असे नाही. लोहाचे कण मेंदूतल्या गाठीत सोडून चुंबकीय क्षेत्राने तापवण्याच्या बर्लिनच्या पद्धतीला २०१० मध्ये युरोपात मान्यता मिळाली, तिची कंपनीही २०२२ मध्ये नादारीत गेली; पण आवरणाचे मूळ तंत्र टिकले आणि दूरवर पसरले. अमेरिकेत २०११ च्या अखेरीस डॉक्सिल बनवणाऱ्या ओहायोतल्या कारखान्याचे काम थांबले आणि रुग्णांना औषध मिळेना. तेव्हा फेब्रुवारी २०१२ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्माचे ‘लायपोडॉक्स’ तात्पुरते आयात करू दिले आणि वर्षभराने, फेब्रुवारी २०१३ मध्ये, याच कंपनीच्या जेनेरिक औषधाला रीतसर मान्यता दिली. अशा औषधाची नक्कल करणे सोपे नसते. रेणू तोच असून भागत नाही. गोळ्याचा आकार, भिंत, आतला स्फटिक, पेगची झूल हे सगळे जुळावे लागते.

आणि २०२१ चा उन्हाळा आपल्यापैकी कोण विसरेल? कोविडमागोमाग म्युकरमायकोसिस आला, ज्याला लोक काळी बुरशी म्हणत, आणि घरोघरची माणसे एका इंजेक्शनसाठी दारोदार फिरू लागली. ते ‘लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन’. चिठ्ठीवरचा पहिला शब्द म्हणजे तेच बॅंगहॅम यांचे कांद्याचे पापुद्रे. नुसते ॲम्फोटेरिसिन बुरशी मारते, पण मूत्रपिंड खराब करते. अंगरखा घातला की मूत्रपिंडाला बरेचसे जपते. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे औषध भारतात तयार करण्याचे काम कितीतरी आधी केले होते. त्या धावपळीत त्यांचे नाव फारसे कुणाला आठवले नाही.

राहता राहिला तो कास्तेल देल मोंतेच्या मातीतला थोरला भाऊ, दौनोरुबिसिन. रक्ताच्या एका तीव्र कॅन्सरमध्ये तो आणि सायटाराबिन ही दोन औषधे १९७० च्या दशकापासून जोडीने दिली जातात. पण शरीरात गेल्यावर एक लवकर संपते, एक उशिरा, जोडी तुटते. कॅनडातल्या संशोधकांनी दोन्ही औषधे एकाच लायपोसोममध्ये एकास पाच या प्रमाणात कोंडली, म्हणजे ती पेशीपर्यंत बरोबरच पोहोचावीत. ६० ते ७५ वयाच्या ३०९ रुग्णांच्या चाचणीत जुन्या पद्धतीने आयुष्य ५.९५ महिने मिळाले, एकत्र कोंडलेल्या औषधाने ९.५६ महिने. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. इथे मात्र दिवस वाढले. हे काकांना सांगायचे राहून गेले.